पोटभर पाण्याचा देश

तीर्थरूप दादांस,

आडव्या पडलेल्या धाकट्याचा एका हाताने केलेला नमस्कार पोचावा. (वाकून करायचा राहिला. डाव्या हातात सुया आहेत आणि तो जरा हलला की मशीन बोंब मारतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचं काम तुमच्याकडे आल्याचं फोनवर कळलं. तुम्ही पूर्वी सायकलच्या साखळीला तेल घालायचात तसे घालू नका, एवढंच सांगणं. आमचं सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. क्षेम नक्की किती आहे ते इथे दर महिन्याला रक्त काढून सांगतात, आणि तो आकडा वडीलधाऱ्यांना कळवण्यासारखा नसतो. कागद पोटावर ठेवून लिहितोय, त्यामुळे श्वास घेतला की ओळ वर चढते. तेवढं सांभाळून घ्या.

मागे तुम्ही विचारलं होतंत, "एक दिवसाआड जातोस, तिथे दुपारभर पडून करतोस तरी काय?" मी म्हणालो, टीव्ही बघतो. ते खोटं होतं. आम्ही चौघं मिळून एक देश तयार करत होतो. तो मागच्या महिन्यात बुडाला. कसा उभा राहिला आणि कसा बुडाला ते तुम्हाला सविस्तर सांगावं म्हणून हे पत्र.

खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून. दारातच वजनाचा काटा. आल्याबरोबर त्यावर उभं राहायचं, म्हणजे मागच्या खेपेनंतर अंगात किती पाणी साठलं ते सिस्टरला कळतं. (आमच्या जातीच्या माणसांचं पाणी असं खरोखरच जोखलं जातं.) मग पडदा, आणि पडद्याअलीकडे खिडकीच्या बाजूला आमच्या चार खुर्च्या, मागे रेलणाऱ्या. प्रत्येकीशेजारी कपाटाएवढं मशीन. रक्त एका नळीने बाहेर जातं, आंघोळ करून दुसऱ्या नळीने घरी येतं. त्यात दुपार जाते. मूत्रपिंडांनी राजीनामा दिलेल्या माणसाने पाणी मोजून प्यायचं असतं, दिवसाला एवढंएवढंसं. त्यामुळे खोलीत सगळ्यांचे ओठ सुकलेले, आणि भिंतीवर धबधब्याचं चित्र. ते कोणी लावलं याचा तपास अजून लागलेला नाही.

माझ्या शेजारी वकीलसाहेब. जन्मभर दिवाणी दावे चालवले. त्यांचा एक दावा आजोबाने लावला होता आणि निकाल नातवाने ऐकला, हे ते अभिमानाने सांगतात. समोर कंडक्टरबाई. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त झाला नाही. त्यांनी नुसतं "सरका" म्हटलं की पडद्यापलीकडचे पेशंटही सरकतात. आणि खिडकीशी पार्लरवाली, अजून तिशीही न गाठलेली पोरगी. मशीन लागायच्या आधी ती कंडक्टरबाईंच्या भुवया कोरून द्यायची. तिच्या खुर्चीवर आधी एक बँकेचे साहेब असायचे. एके दिवशी आलो तर त्यांच्या उशीला नवा अभ्रा. आमच्याकडे कुणी गेलं की कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. अभ्रा बदलला की समजायचं. चौथा मी. भूगोल शिकवून निवृत्त झालेला, म्हणून इथेही मास्तरच.

देशाची सुरुवात टीव्हीच्या रिमोटवरून झाली. वकीलसाहेबांना बातम्या, कंडक्टरबाईंना मालिका, पोरीला गाणी, आणि मला शांतता हवी होती. भांडण इतकं पेटलं की सिस्टर आली, रिमोट खिशात घातला आणि म्हणाली, "आता कुणालाच नाही." वकीलसाहेब म्हणाले की ही हुकूमशाही आहे. कंडक्टरबाई म्हणाल्या, मग तुम्ही करून दाखवा चांगलं राज्य. झालं. टीव्ही बंद, दुपार लांबलचक, आणि चार माणसं खुर्चीला बांधलेली. जगातले बरेचसे देश असेच जन्माला आले असणार.

नकाशा अर्थातच मी काढला. जेवणाच्या ट्रेवरच्या कागदाच्या मागल्या बाजूला. कंडक्टरबाईंची तक्रार अशी की मी डोंगर बसडेपोच्या मधोमध घातला. वकीलसाहेबांना शेजारी राष्ट्र हवं होतं, कारण सीमेचा तंटा नसेल तर न्यायालयाने करायचं काय. पोरगी म्हणाली, "मास्तर, मला एक नदी द्या. माझ्या घराच्या मागून जाणारी. उन्हाळ्यातही न आटणारी." मी दिली. आयुष्यभर पोरांकडून नद्या पाठ करून घेतल्या, पण अशी मागून घेतलेली नदी मी पहिल्यांदाच काढली. रबर नसल्यामुळे ती थोडी वाकडी आली, पण तिला तीच आवडली.

मग घटना. पहिलं कलम एकमताने मंजूर झालं: या देशात प्रत्येक नागरिकास पोटभर पाणी प्यायचा हक्क राहील. वकीलसाहेबांनी सवयीने "वाजवी मर्यादेत" असे शब्द घालायचा प्रयत्न केला, तेव्हा कंडक्टरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी शब्द मागे घेतले. कलम वाचून झालं. सगळे घसा ओला करायच्या खटपटीत होते.

पुढची कलमं भराभर झाली. कंडक्टरबाईंना प्रत्येक गुन्ह्याला एकच शिक्षा हवी होती: गुन्हेगाराला भर उन्हात पुढच्या थांब्यापर्यंत चालायला लावायचं. फाशी ठेवावी की नाही यावर दोन दुपारी गेल्या. वकीलसाहेब फाशीच्या बाजूने (त्यांनी उभ्या जन्मात एकही फौजदारी खटला चालवलेला नाही), पोरगी विरुद्ध. शेवटी कंडक्टरबाई म्हणाल्या, फाशीच कशाला, मरणावरच बंदी घाला. वकीलसाहेबांनी समजावलं की ज्याची अंमलबजावणी करता येत नाही असा कायदा करू नये, त्याने राज्याची अब्रू जाते. तो विषय पुढे ढकलला. राष्ट्राध्यक्ष वकीलसाहेब झाले, कारण कागदाखाली सही करायची त्यांना फार हौस. वाहतूक, पोलीस आणि दरडावणं ही खाती कंडक्टरबाईंकडे. मी भूगोल. पोरीला आम्ही 'जनता' केलं. कुणीतरी लागतंच.

दादा, तुम्ही हसाल, पण मी त्या दुपारची वाट बघायचो. ही म्हणायची, "तुम्ही डायलिसिसला निघालात की लग्नाला?" मी घरी रात्रीच्या जेवणाला गप्प बसून करपद्धतीचा विचार करायचो.

आता टंचाईच्या कलमाबद्दल, कारण देश त्यावरच फुटला. आदर्श देशात टंचाई कशाला, असं पोरीचं म्हणणं. पण वकीलसाहेब म्हणाले, कायद्याची परीक्षा भरल्या घरात होत नाही. मग त्यांनी एक भाषण केलं. खरोखर सुंदर भाषण. सारांश असा की जिथे कुठलीही वस्तू कमी पडेल, तिथे वयाने सर्वांत मोठ्या नागरिकाने सर्वांत आधी आपला वाटा सोडावा; ज्याने जास्त जगून घेतलंय त्याने आधी उठावं. पोरीने एका हाताने मांडीवर टाळी वाजवली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. (तेवढं मोजणीत धरत नाहीत.) कलम एकमताने मंजूर.

आता यातली आतली गोष्ट. वकीलसाहेबांची खात्री होती की कंडक्टरबाई त्यांच्याहून मोठ्या आहेत. कंडक्टरबाई माझ्या टकलाकडे बघून मला सगळ्यांत मोठा समजत होत्या. आणि मी वकीलसाहेबांच्या खुर्चीला लावलेल्या फाइलीवर त्यांचं वय वाचलेलं होतं, माझ्याहून जास्त. म्हणजे इतकं उदात्त कलम आम्ही तिघांनी एकमेकांच्या जिवावर मंजूर केलं होतं. ज्या एकटीला ते खरंच पटलं होतं, ती सर्वांत लहान.

मागच्या महिन्यात एकदा गेलो तर खिडकीशेजारचं मशीन उघडं पडलेलं, मागचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला. कुठलातरी भाग बाहेरून यायचा होता. सिस्टर सकाळपासून फोनवर होती आणि तिचा चेहरा त्या मशीनसारखाच झाला होता. ती पडद्यातून डोकावली आणि म्हणाली, "या शिफ्टला आज तीनच मशीन आहेत. एकाला उद्या सकाळी घेते. कुणाला थांबता येईल ते आपसात ठरवा, मला पलीकडचं बघायचंय." काट्यावर अजून कुणाचं वजनही झालं नव्हतं.

आम्ही चौघं काट्याजवळ उभे. पोरगी भिंतीला टेकून. तिचा चेहरा सुजलेला होता, डोळ्यांच्या फटी झालेल्या. मी आत येतानाच विचारलं होतं, काय गं, हे काय? ती हसून म्हणाली होती, "काल कलम एक पाळलं, मास्तर. पार्लरमध्ये दिवसभर उभी होते, उकडत होतं, गार पाण्याची बाटली समोर आली. आपला हक्कच आहे म्हटलं आणि अख्खी प्यायले. मग दुसरीही." वकीलसाहेबही हसले, कंडक्टरबाईंनी तिला दटावलं. म्हणजे आम्हा तिघांनाही माहीत होतं. हे मी मुद्दाम आधी लिहून टाकतोय, म्हणजे पुढे मला गाळता येणार नाही.

कंडक्टरबाई म्हणाल्या, "आपला कायदा आहे की. सगळ्यांत मोठा कोण?"

वकीलसाहेब म्हणाले, "कायदा आहे. पण राष्ट्राध्यक्षाची सही झाल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि सही अजून व्हायची आहे."

"मग करा सही."

"नागरिकांचं वय ठरल्याशिवाय कशी करणार? वय हा पुराव्याचा विषय आहे. तुमचं वय काय, बाई?"

"बाईमाणसाला वय विचारता?"

"मग मास्तरांचं सांगा. मास्तर आम्हा दोघांहून थोराड दिसतात."

तेव्हा मी तोंड उघडलं. तुमच्या धाकट्या भावाने, ज्याला तुम्ही लहानपणी स्वतःच्या ताटातलं काढून घालायचात, त्याने एक दुरुस्ती सुचवली. म्हणालो की इथे जन्मतारीख धरणं अशास्त्रीय आहे; वय मोजावं ते मशीन लागल्या दिवसापासून. (त्या हिशोबाने कंडक्टरबाई सगळ्यांत मोठ्या आणि मी पार खाली.) हे मी अगदी शांतपणे, फळ्यावर पाणलोट क्षेत्र समजावून द्यावं तसं समजावून दिलं. कंडक्टरबाईंचा आवाज चढला. वकीलसाहेबांनी दुरुस्तीला उपदुरुस्ती सुचवली. बराच वेळ चाललं ते. आमच्या देशाच्या संसदेचं एवढं जोरदार अधिवेशन पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मी जाते," पोरगी म्हणाली.

आम्ही थांबलो.

"उद्या सकाळी येईन. पार्लरला आज सुट्टीच आहे. तुम्ही भांडू नका, तुमचं बीपी वाढतं."

आम्ही तिघंही "छे छे" म्हणालो. एकसुरात. पण ते "छे छे" कसं होतं सांगू? पाहुणा उठला की आपण "बसा की" म्हणतो आणि त्याची पिशवी आणून देतो, तसं. कंडक्टरबाईंनी तिची पर्स उचलून दिली. मी पडदा बाजूला धरला. आणि वकीलसाहेबांनी, दादा, तिथल्या तिथे तिच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. जनतेच्या त्यागाबद्दल ही सभा कृतज्ञता व्यक्त करते, असा. आम्ही तिघांनी हात वर केले. हात वर करण्याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात, आणि त्या दिवशी आम्ही दोन्ही पाळले. ती लिफ्टजवळून हात हलवून गेली. मशीन लागलं आणि मला झोप लागली. चांगली गाढ लागली.

पुढच्या खेपेला गेलो. मशीन दुरुस्त होऊन जागेवर उभं होतं. पोरीच्या उशीला नवा अभ्रा.

आम्ही आपापल्या खुर्चीत बसलो. सुया लागल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. वकीलसाहेब धबधब्याच्या चित्राकडे बघत होते. शेवटी कंडक्टरबाईंनी विचारलं, या खोलीत कधी न विचारलेला प्रश्न. आणि तेवढ्या एका वेळेला त्यांचा आवाज पडद्यापलीकडे गेला नाही.

सिस्टर म्हणाली, "आहे. वरच्या मजल्यावर आहे, अतिदक्षता विभागात. उजाडायच्या आत उचलून आणलं तिला. छातीत पाणी भरलं होतं, श्वास घेता येत नव्हता. घशात नळी घातलीय." मग ती माझी नळी तपासता तपासता थांबली. "ती एवढं पाणी प्यायली होती हे तुम्हाला कुणाला ठाऊक होतं का?"

ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक वाक्याला हरकत घेतली त्या वकीलसाहेबांनी हरकत घेतली नाही. मी चष्मा पुसायला काढला आणि एका हाताने पुसता येत नाही म्हणून तसाच धरून बसलो. कंडक्टरबाई म्हणाल्या, "हो. आम्हाला ठाऊक होतं."  सिस्टरने नळीवरची चिकटपट्टी दाबून बसवली आणि ती पलीकडे गेली.

थोड्या वेळाने वकीलसाहेब म्हणाले की या प्रकाराची चौकशी व्हायला हवी, समिती नेमावी. कंडक्टरबाई म्हणाल्या, "समितीत कोण बसणार? आपणच तिघं आहोत." त्यानंतर आमच्या देशात कुणी भाषण केलं नाही.

पोरगी वाचली. हे मी आधीच लिहायला हवं होतं, तुमचा जीव टांगणीला लागला असेल. बरेच दिवस वर होती, मग नळी निघाली, मग घरी गेली. आता ती सकाळच्या शिफ्टला येते. शिफ्ट तिने स्वतः मागून बदलून घेतली, असं सिस्टर म्हणाली. मध्ये तिची आई तिची चादर न्यायला आली होती. ठेंगणी, थकलेली बाई. आम्हा तिघांना एकेक करून हात जोडले. म्हणाली, "तुम्ही तिला फार जीव लावलात. नळी निघाल्यावर पहिल्यांदा तुमच्या त्या नदीबद्दल बोलली." आईला काही ठाऊक नव्हतं. पोरीने सांगितलंच नव्हतं. वकीलसाहेब डोळे मिटून पडून राहिले, झोपल्यासारखे. मी त्या बाईंना म्हणालो, काळजी घ्या तिची. यापेक्षा निर्लज्ज वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही.

खिडकीशी आता एक निवृत्त इंजिनियर असतात. आल्या आल्या त्यांनी विचारलं, इथे टीव्ही नाही का. सिस्टरने रिमोट आणून दिला. ते दुपारभर मासेमारीचा कार्यक्रम बघतात, आम्हीही बघतो.

असो. बरंच लिहिलं. वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांच्या डोक्यावरून माझा मोकळा हात फिरवा.

तुमचा,
धाकटा

ता.क. हे सगळं तुमची करमणूक व्हावी म्हणून लिहिलं असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. तुमची चिमी मध्ये ऑफिसच्या कामासाठी म्हणून इथे आली होती, ते ऑफिसचं काम नव्हतं. तुमची लेक माझ्यासाठी तपासण्या करून घ्यायला आली होती. तिचं मूत्रपिंड मला जुळतं म्हणाले डॉक्टर. माझ्या खुर्चीशी उभं राहून मला म्हणाली, "काका, मी देते. माझं एकावर चालतं." हिने तिला पोटाशी धरलं. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी पिणार का?"

ता.क. दुसरा. तेव्हा विनंती अशी की तुम्ही नाही म्हणा. ती सज्ञान आहे, तुमच्या सहीची गरज नाही, पण तुमच्या शब्दाबाहेर ती जाणार नाही. रागावून म्हणा, माझ्याबद्दल वाईटसाईट सांगा, वर लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवा. मला म्हणवत नाही. आरशासमोर जमतं, तिच्यासमोर जमत नाही. ती जाते म्हणाली की माझा हात आपोआप पडदा धरायला पुढे होतो.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. ती ऐकणारच नसेल तर फार ताणू नका. हट्टी आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर येत्या पंधरवड्यातली तारीख देतो म्हणालेत. येताना तिच्यासाठी जाड स्वेटर आणा, वरच्या मजल्यावर एसी फार असतो. पत्र साध्या टपालाने टाकतोय. कुरिअरचं दुकान इस्पितळाच्या दारातच आहे, पण ते लोक दुसऱ्याच दिवशी पोचवतात.